कधीपासून

“मान जरा खाली घ्या,” त्याने सांगितलं, आणि पोस्टमन कमरेतून वाकला.

शर्टाची उंची मानेच्या हाडापासून मोजतात. मान खाली गेली की ते हाड आपोआप वर येतं. त्याच्यावर टेपचं टोक दाबायचं आणि टेप पाठीवरून सोडून द्यायची. चौतीस वर्षांत आपल्यापुढे किती माना खाली गेल्या याची त्याने कधी मोजदाद केली नव्हती. जाड माना, सुरकुतलेल्या माना, नुकत्याच कापलेल्या केसांखालच्या पांढऱ्या माना. एरवी कुणाला न जुमानणारी माणसंही शिंप्यापुढे मुकाट्याने मान खाली घालतात. बायको म्हणायची, तुमच्यापुढे मोठमोठे साहेब मान खाली घालतात, राहिले ती मी एकटीच. ती हे गिऱ्हाइकासमोर म्हणायची, काजं करता करता, वर न बघता, आणि गिऱ्हाईक मान खाली घातलेल्या अवस्थेतच हसायचं, त्यामुळे टेप हलायची.

“नुसती मान,” तो म्हणाला. “कंबर नको.”

मग मी दुसरं काय करतोय, असं पुटपुटत पोस्टमन परत वाकला, आणि परत कंबरच वाकली. मान खांद्यांमधे ठोकून बसवल्यासारखी सरळ राहिली. हनुवटी आणि छाती यांच्यात चार बोटांचं अंतर होतं ते काही मिटेना. टेपचं टोक त्याच्या अंगठ्याखाली होतं आणि अंगठ्याखालची कातडी इस्त्री फिरवून गेल्यासारखी गरम होती. त्याने हात काढून घेतला. त्याला एकदम हॉस्पिटलच्या खोलीतला एक हात आठवला. पांढऱ्या चादरीवर बायको उताणी होती, आणि चष्मेवाल्या डॉक्टरांनी तिच्या डोक्याखाली हात घालून डोकं हळूच उचललं होतं. डोकं थोडं वर आलं, मग अडलं, आणि त्याच्याबरोबर खांदेच वर यायला लागले. डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं होतं. अकरा महिने झाले होते. दिवसातून दोन-चारदा ते डोकं तसं उचललं जायचं, मशीन चालू असताना, चहा गाळताना, आणि प्रत्येक वेळी तिथेच अडायचं.

पोस्टमनने मोजमाप संपलं असं समजून खुर्चीवर बैठक मारली आणि डोळ्यांवर हात धरला. तो दिवा बंद करा हो, म्हणाला, सुईसारखा टोचतोय. दिवा कटिंगच्या टेबलावरचा, रोजचाच, त्याच्याखाली पोस्टमन रोज पाच मिनिटं बसून गप्पा हाणायचा. नऊ वर्षं हा माणूस या रस्त्याचं टपाल वाटत होता. पत्र देताना पत्रापेक्षा बोलणं जास्त द्यायचा. कुणाच्या घरी काय शिजतंय, कुणाचं कुणाशी बिनसलंय, सगळं त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत असायचं, आणि प्रत्येकाला त्याने काहीतरी नाव ठेवलेलं होतं. आज आल्यापासून त्याने एकही टोमणा मारला नव्हता. नवीन गणवेशाचं कापड टेबलावर टाकून तो नुसता उभा राहिला होता, जसा कुणी बसची वाट बघत उभा राहतो.

शिंप्याने दिवा बंद केला. मान डावीकडे वळवा बघू, म्हणाला. पोस्टमनने वळवली. उजवीकडे. तीही वळली, सहज, बिजागरीवरच्या दारासारखी. आणि हेच वाईट होतं. हे त्याला कळत होतं, आणि कळण्याची किंमत त्याने चारचौघांत मोजलेली होती. चार महिन्यांपूर्वी शेजारचा इस्त्रीवाला मान धरून आला, डोकं दुखतंय म्हणाला, अंग कणकणतंय म्हणाला. शिंप्याने दुकान तसंच टाकून त्याला टॅक्सीत कोंबलं, मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात नेलं, आणि तिथे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की याच्या मेंदूला सूज आलेली आहे, लगेच पाठीतलं पाणी काढा. तिथली डॉक्टर पोरसवदा होती. डोळ्यांखाली काळं, केसांत पेन खोचलेलं. तिने इस्त्रीवाल्याची मान तपासली, ती बाजूला वळेना पण खाली छान गेली. रात्री उशी कशी घेता, एवढं तिने विचारलं. उशी घेतच नाही, गठ्ठ्यावर डोकं ठेवतो, असं इस्त्रीवाला म्हणाला, आणि सगळा विभाग हसला. जाताना ती शिंप्याला बाजूला घेऊन म्हणाली, “काका, लचकलेली मान बाजूला वळत नाही. मेंदूच्या आवरणाला सूज असेल ना, तर मान वळते, पण खाली जात नाही. वर ताप असेल, उजेड सहन होत नसेल, माणूस वेगळाच वागत असेल, तर मग थांबू नका. मग कितीही वेळा या.” तिने हे रागावून सांगितलं नव्हतं. पण इस्त्रीवाल्याने परत आल्यावर ते तिखटमीठ लावून सांगितलं, आणि पोस्टमनने ते दोन दिवसांत पत्रांबरोबर घरोघरी पोचवलं. तेव्हापासून रस्त्यावर त्याला मास्तर म्हणणारे अर्धे लोक डॉक्टर म्हणायला लागले होते. काय डॉक्टर, आमच्या मुलीला शिंक आली, नेता का? हसण्यात वाईट काही नव्हतं. बायको असती तर तीच सगळ्यांत जास्त हसली असती.

“पोस्टमन,” तो म्हणाला, आणि पोस्टमनने डोळ्यांवरचा हात न काढता दुसरा हात वर केला.

“डॉक्टर, अक्षर काढू नका तोंडातून. इस्त्रीवाल्याचं अजून ताजं आहे. पिशवीने मान धरलीय, उन्हाने डोकं धरलंय, आणि बायकोने मला धरलंय. कुठे कुठे नेणार?”

आणि शिंप्याने अक्षर काढलं नाही. हे त्याला पुढे आयुष्यभर आठवणार होतं, की त्या क्षणी त्याला बरं वाटलं. पोस्टमनने टोमणा मारला म्हणजे पोस्टमन ठीक होता. त्याने वहीत छाती, खांदा, बाही लिहिली, उंचीची जागा मोकळी सोडली. पोस्टमन उठला, दाराच्या चौकटीला धरून जरा उभा राहिला, पिशवीतून एक पाकीट काढून मशीनवर ठेवलं आणि गेला. शिंपी कापड उलगडून बसला. खडू हातात घेतला. पण रेघ ओढवेना.

न बोलण्यातून येणारं हे बरं वाटणं त्याच्या जुन्या ओळखीचं होतं. त्यांच्या घरात भांडणं मोठ्या आवाजात होत नसत, त्यांच्या घरात अबोला होई. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासूनची ती रीत होती आणि तिला नियम होते. दुकानाचं काम थांबवायचं नाही. गिऱ्हाइकासमोर हसायचं. कामाचं काही सांगायचं असेल तर खडूने कापडावर लिहायचं, म्हणजे कॉलरवर फुली, बाहीवर दोन रेघा, तिला कळत असे. आणि जो आधी बोलेल तो हरला. बहुतेक वेळा ती हरायची, पण सरळ हरायची नाही. ती हवेशी बोलायची. दोरा संपला वाटतं, असं ती मशीनला सांगायची. आज कुणाला चहा नको वाटतं, असं खिडकीला. हे अर्धं हरणं होतं, त्याला अर्ध्या हरण्याने उत्तर द्यायचं असे, म्हणजे त्यानेही खिडकीलाच सांगायचं की चहा चालेल. मग दोघं हसत. सगळ्यांत लांबला होता तो अबोला नऊ दिवसांचा, मुलीच्या शाळेवरून. मुलगी आता दुसऱ्या गावी असते, रोज संध्याकाळी फोन करते, जेवलात का विचारते. तिलाही त्याने शेवटच्या अबोल्याचं सांगितलेलं नाही.

शेवटचा अबोला एका कोटावरून झाला. कुणीतरी शिवायला टाकलेला तपकिरी कोट अकरा वर्षं दुकानाच्या खुंटीवर लटकत होता, न्यायला कुणी आलं नव्हतं. तिने तो एके सकाळी झाडूवाल्याला देऊन टाकला. तो म्हणाला, उद्या माणूस आला तर काय अंगावरचं काढून देऊ? ती म्हणाली, तो आला तर आधी त्याला विचारा इतकी वर्षं थंडी वाजली नाही का. हे खरं तर हसण्यासारखं होतं. त्या दिवशी तो हसला नाही, दुकान माझ्या नावावर आहे असं काहीतरी म्हणाला, आणि ती गप्प झाली. तो सोमवार होता. मंगळवारी दुपारी ती म्हणाली, काहीतरी जळतंय. हवेशीच म्हणाली. त्याने इस्त्रीकडे पाहिलं, इस्त्री बंद होती. तिच्या या युक्त्या त्याला पाठ होत्या, तो मनात म्हणाला, या वेळी नाही. थोड्या वेळाने ती परत म्हणाली, रबर जळल्यासारखा वास येतोय. तो बाही जोडत राहिला. तिसऱ्यांदा ती म्हणाली तेव्हा उठून तिने सगळ्या कोपऱ्यांत वास घेतला, कपाटात, कापडाच्या गठ्ठ्यात, स्वतःच्या तळहातात, आणि त्याला वाटलं, कमाल आहे बाईची, काय नाटक वठवते.

बुधवारी तिने एका शर्टाची सगळी बटणं उलट्या बाजूला लावली. पुरुषांच्या शर्टाला बटणं उजव्या पट्टीवर येतात, हे तिला झोपेतही चुकलं नसतं. सहा बटणं, सहाही डावीकडे, आणि टाका नेहमीसारखा बारीक, देखणा. तो टोमणा असणार याबद्दल त्याला शंका वाटली नाही. घ्या तुमचं दुकान तुमच्या नावावर. ती दुपारी आत जाऊन पडली होती, जी कधी दुपारी पडत नसे, तेही त्याने रुसण्याच्या खात्यात टाकलं. त्याने ब्लेडने सहाही बटणं उसवली, दोरे वेचले, बटणं उजवीकडे लावली, आणि शर्ट घडी करून तिच्या जागेवर ठेवला, की बघ, मीही बोललो नाही. तिने तो पाहिला, उलगडला, परत घडी केला, परत उलगडला. तिचं कपाळ घामेजलेलं होतं. ते त्याला दिसलं होतं. हे तो स्वतःला कधी माफ करू शकला नाही, की दिसलं नव्हतं असं त्याला म्हणता येत नव्हतं.

गुरुवारी दुपारी ती बोलली. कात्रीकडे बोट दाखवून ती सरळ त्याला म्हणाली, “ते कुलूप द्या.” त्याने कात्री दिली. कात्रीला ती कुलूप म्हणाली हे कानावर पडलं, पण त्याच्याआधी दुसरं काहीतरी मनात पोचलं होतं, की ती बोलली, आधी ती बोलली, आणि सरळ बोलली. जिंकलो, असं त्याच्या मनात आलं. चौतीस वर्षांच्या संसारात हा एक शब्द असा होता की तो आठवला की त्याला हातातलं काम खाली ठेवावं लागे. दिवे लागायच्या वेळी तिला झटका आला. मशीनच्या पायडलवर तिचा पाय आपोआप आपटत राहिला आणि रिकामी सुई खालीवर होत राहिली.

हॉस्पिटलमधे चष्मेवाल्या डॉक्टरांनी विचारलं, बोलण्यात-वागण्यात फरक कधीपासून पडला? सरळ प्रश्न होता. त्याचं उत्तर मंगळवार असं होतं. पण मंगळवार म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच असता, मग तुम्ही तेव्हाच का आणलं नाही, आणि त्याचं उत्तर, आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. त्या पांढऱ्या दिव्याखाली, सिस्टरसमोर, तिच्या उघड्या पायांसमोर, हे वाक्य त्याच्या तोंडातून निघेना. “आजच. आज दुपारपासून,” तो म्हणाला. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. पाठीतलं पाणी काढलं ते स्वच्छ निघालं, आणि अडाण्यासारखा तो खुश झाला, स्वच्छ म्हणजे चांगलंच की. त्यांनी जंतूंवरचं औषध सुरू केलं. दुसऱ्या दिवशी मशीनमधून डोक्याचा फोटो काढल्यावर मोठे डॉक्टर आले, त्यांनी विषाणूचं नाव घेतलं, दुसरं औषध सुरू केलं, आणि परत विचारलं, वास, भास, विसरणं, असं काही आधी झालं होतं का, नीट आठवा. तो म्हणाला, नाही. एकदा खोटं शिवलं की त्याच्यावर दुसरी शिवण त्याच रेघेवर घालावी लागते. ती एकोणीस दिवस जगली. ते दुसरं औषध एक दिवस आधी मिळालं असतं तर काय झालं असतं, हे त्याने कुणाला विचारलं नाही, कारण विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं.

खडू हातात तसाच होता. त्याने मशीनवरचं पाकीट उचललं. वर नाव होतं संगीत शिकवणाऱ्या बाईंचं, पत्ता मागच्या गल्लीतला, दुसरा मजला, टपोऱ्या अक्षरात छापलेला. त्याने ते पालथं घातलं, सुलटं केलं. नऊ वर्षांत या माणसाने एक पत्र इकडचं तिकडे केलं नव्हतं. नुसत्या आडनावावर आलेली पत्रं त्याने हुडकून पोचवली होती. शिंपी उठला. त्याने दाराला कडी घातली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की पोस्टमन राहतो कुठे हे आपल्याला माहीत नाही. सगळ्या रस्त्याचा पत्ता ज्याला पाठ, त्याचा पत्ता रस्त्यावर कुणालाच ठाऊक नव्हता.

मग तो टपालाच्या मागे गेला. औषधाच्या दुकानात विचारलं, पोस्टमन येऊन गेला का. दुकानदाराने वैतागून तीन पाकिटं त्याच्यासमोर टाकली, एकही त्याचं नव्हतं. आज सकाळीच चढवून आलाय वाटतं तुमचा दोस्त, असं तो म्हणाला. पुढच्या इमारतीच्या पेट्यांमधे चौथ्या मजल्याची बिलं पहिल्यात होती आणि पहिल्याची तिसऱ्यात, पण प्रत्येक पाकीट व्यवस्थित, सरळ, कडा जुळवून आत सरकवलेलं. वह्या-पेनांच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या की काल त्यांच्यावर उगाच खेकसला, माज आलाय मेल्याला, तक्रार करणार आहे मी. शिंपी प्रत्येकाचं ऐकून घेत होता आणि त्याला सहा बटणं दिसत होती, बारीक टाक्याची. तो कुणाला काही म्हणाला नाही, फक्त कुठल्या बाजूला गेला तेवढं विचारत राहिला. चालता चालता तो धावायला लागला होता हे त्याला इस्त्रीवाल्याने हाक मारली तेव्हा कळलं. “काय डॉक्टर, कुणाची मान?” इस्त्रीवाल्याने विचारलं. “पोस्टमनची,” त्याने सांगितलं आणि थांबला नाही.

मागच्या गल्लीतल्या तिसऱ्या इमारतीत जिन्याखाली झाडू-बादल्या ठेवायची अंधारी जागा होती. तिथे पोस्टमन भिंतीकडे तोंड करून बसला होता. टोपी डोळ्यांवर ओढलेली, पिशवी मांडीवर. पाच-सहा पत्रांचा गठ्ठा तो लावत होता, वरचं खाली, खालचं वर, आणि परत. बाजूला तो ओकला होता. शिंप्याने त्याच्याजवळ उकिडवं बसून हळू आवाजात विचारलं, काय करताय? पोस्टमनने त्याच्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि भलत्याच शांतपणे म्हणाला की आज सगळ्यांनी घरं बदलली आहेत, मला कुणी सांगितलं नाही.

“चला,” शिंपी म्हणाला. “हसायचं असेल तेवढं नंतर हसा.”

त्याने पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. ती वाटली होती त्याच्यापेक्षा जड निघाली. टॅक्सीत पोस्टमनने डोकं त्याच्या खांद्यावर टाकलं नाही, ते टाकता येत नव्हतं, तो ताठच बसला होता, एखाद्या फोटोसाठी बसल्यासारखा, आणि प्रत्येक खड्ड्याला कण्हत होता. त्याच्या फोनमधे ‘घर’ असं लिहिलेला नंबर होता. शिंप्याने तो लावला. बाईचा आवाज आधी तुटक आला, आता काय आहे, असा. मग हॉस्पिटलचं नाव ऐकल्यावर ती म्हणाली, निघालेच.

तातडीच्या विभागात तीच डॉक्टर होती. पेन अजून केसांतच. शिंप्याला पाहून तिच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं, पण नजर पोस्टमनवर गेली आणि हसू तिथेच थांबलं. तिने त्याला झोपवलं, डोक्याखाली हात घातला, उचललं. मान उठली नाही, उलट त्याचे गुडघे आपोआप वर आले. शिंपी दुसरीकडे बघायला लागला. मग सगळं भराभर झालं. नाव काय, आज वार कोणता, हे तिने विचारलं, वार त्याला सांगता आला नाही. अंगावर कुठे पुरळ आहे का हे तिने कपडे वर करून पाहिलं, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. रक्त घ्या, औषध आत्ता सुरू करा, फोटो आणि पाठीतलं पाणी मागून, तोवर थांबायचं नाही, असं ती सिस्टरला सांगत होती. बाटली वर चढली. थेंब पडायला लागले. शिंपी भिंतीला टेकून उभा होता. खांद्यावर पिशवी होती, ती कुठे ठेवावी कळत नव्हतं.

पोस्टमनची बायको आली ती बेकरीच्या कामावरून तशीच आली होती. कोपरापर्यंत पीठ, डोक्याला रुमाल, डाव्या बाहीची शिवण उसवलेली. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि पलंगापासून दोन पावलांवरच उभी राहिली. डॉक्टर पॅड घेऊन तिच्याजवळ आली.

“मला तीन वेगळी उत्तरं हवीत,” ती म्हणाली. “ताप कधीपासून, डोकं कधीपासून, आणि वागण्या-बोलण्यात फरक कधीपासून?”

“आजच,” बाई म्हणाली. “सगळं आजच. सकाळी बरे होते.”

हे बोलताना तिची नजर फरशीवर होती आणि ती एका हाताने दुसऱ्या हातावरचं पीठ खरवडत होती. डॉक्टरने पेन टेकवलं. शिंप्याला तो आवाज ओळखीचा वाटला. तो इतका ओळखीचा होता की क्षणभर आपणच बोललो असं त्याला वाटलं. वह्या-पेनांच्या दुकानातल्या बाई कालचं म्हणत होत्या, हे तो डॉक्टरला सांगू शकत होता. पण काल म्हणजे काही सुरुवात नव्हे. सुरुवात या बाईला ठाऊक होती, आणि ती कुठे अडून बसली आहे हे त्याला ठाऊक होतं. अकरा महिने जे वाक्य त्याने मुलीला सांगितलं नव्हतं, बायकोच्या फोटोसमोरसुद्धा पुरतं म्हटलं नव्हतं, ते त्याला या पीठ लागलेल्या अनोळखी बाईसमोर म्हणायचं होतं.

“वहिनी,” तो म्हणाला, “माझ्या बायकोला असंच झालं होतं. मलाही असंच विचारलं. मीही आजच म्हणालो. खरं म्हणजे तीन दिवस झाले होते. आमचा अबोला होता. ती चुकत होती आणि मला वाटत होतं मुद्दाम करतेय. लाज वाटली म्हणून मी सांगितलं नाही.”

पलीकडच्या पलंगावर कुणीतरी पाणी मागत होतं. डॉक्टरने पेन उचललं, पण लिहिलेलं खोडलं नाही. बाईने पिठाचा हात तोंडावर धरला.

मग तिने सांगितलं. शुक्रवारपासून. शुक्रवारी त्याने ताट भिरकावलं, जो कधी आवाज चढवत नसे. कामावरच्या एका माणसाचं नाव घेऊन तिला वाटेल ते बोलला. डोकं दुखतंय म्हणत होता, पण तिला वाटलं निमित्त सांगतोय. शनिवारी तिचं नावच विसरला, अगं अगं करत राहिला, तिला वाटलं मुद्दाम चिडवतोय. ती बहिणीकडे निघून गेली. परवा परत आली, तरी बोलली नाही. रात्री त्याचं अंग भाजत होतं, ते कळलं होतं, पण हात लावला नाही. हे सगळं तिने एका दमात सांगितलं, डॉक्टरला नव्हे, शिंप्याला, आणि तो प्रत्येक वाक्याला मान हलवत राहिला, जसं कुणी माप सांगताना दुसरा लिहून घेतो.

डॉक्टरने चार ओळी लिहिल्या. सिस्टरला म्हणाली, पाच दिवसांचं आहे, विषाणूचंही धरायला हवं, ते औषधही आत्ताच लावा, फोटोची वाट नको. पाण्याचा अहवाल आला की कुठलं बंद करायचं ते बघू. बाईला तिने सांगितलं की आता काही नक्की म्हणता येणार नाही, दोन दिवस कठीण आहेत, पण जे सांगितलंत ते फार कामाचं आहे. पहिल्या बाटलीशेजारी दुसरी बाटली टांगली गेली. दोन नळ्या एका ठिकाणी येऊन त्याच्या मनगटात जात होत्या. पोस्टमन डोळे मिटून होता, ओठ हलत होते, बहुतेक घरांचे नंबर म्हणत असावा. बायको त्याच्याजवळ गेली. तिने आधी त्याच्या पायाला हात लावला, मग दंडाला, आणि मग वाकून त्याच्या कानाशी काहीतरी बोलायला लागली, हळू, न थांबता. काय बोलत होती ते शिंप्याला ऐकू आलं नाही आणि त्याने ऐकायचा प्रयत्नही केला नाही.

पोस्टमनला फोटो काढायला आत नेलं तेव्हा दोघं बाहेरच्या बाकापाशी आली. ती बसली, तो उभाच राहिला. पोस्ट ऑफिसला कळवायला हवं, पिशवी द्यायला हवी, असं तो म्हणाला. ती हो म्हणाली. लोक येत-जात होते, ढकलगाड्यांची चाकं वाजत होती, खिडकीतून दुपारचं ऊन बाकाच्या पायांपर्यंत आलं होतं. बऱ्याच वेळाने तिने मान वर करून विचारलं. तिच्या विचारण्यात इतकी आशा होती की त्याला खोटं बोलावंसं वाटलं, आणि या वेळी त्याचं खोटं चांगलंही दिसलं असतं.

“मग तुमच्या मिसेस? आता बऱ्या आहेत ना?”

“नाही,” तो म्हणाला. “ती गेली. मी सांगितलंच नाही. तुम्ही सांगितलंत.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग ती बाकावर जरा सरकली, आणि तो तिच्या शेजारी बसला.